मोकूफ, वकूब, वाकबगार आणि वक्फ: हे शब्द खरंच एकाच अरबी धातूतले आहेत का?

हो, चारही एकाच घरचे आहेत. 'फी मोकूफ'मधला माफीचा अर्थ आणि 'त्याचा तेवढा वकूब नाही'मधला कुवतीचा अर्थ एकाच मुळातून कसे निघतील, ही तुमची शंका अगदी रास्त आहे. मलाही ते बरीच वर्षं कळत नव्हतं. अबू धाबीत गाडी चालवायला लागलो तेव्हा उलगडलं.

तिथल्या चौकात लाल अष्टकोनी पाटीवर अरबीत दोनच अक्षरं असतात, 'किफ'. म्हणजे थांब. पार्किंगच्या पाट्यांवर 'मवाकिफ' लिहिलेलं असतं, म्हणजे थांबण्याच्या जागा. दोन्ही शब्द व-क-फ या धातूचे. आज्ञार्थात पहिला व गळून पडतो, म्हणून 'किफ'मध्ये तो दिसत नाही. धातूचा मूळ अर्थ एवढाच: उभं राहणं, थांबणं. हजच्या यात्रेत अराफातच्या मैदानावर यात्रेकरू थांबतात, त्यालाही 'वुकूफ'च म्हणतात. ते चुकलं तर हजच होत नाही.

आता तीन अक्षरांतून इतके शब्द कसे होतात ते पाहा. अरबीत धातू व्यंजनांचा असतो आणि स्वरांचे ठरलेले साचे असतात. पहिल्या व्यंजनाला आ आणि दुसऱ्याला इ लावली की करणारा होतो: वाकिफ. आपल्याकडचे हाकिम, हाजिर आणि कोर्टातला नाझर याच साच्यातले. पुढे 'म' आणि मध्ये 'ऊ' आला की ज्याच्यावर क्रिया झाली तो होतो: मौकूफ. मजकूर, मंजूर, मशहूर, मजबूर त्याच साच्यातले. (मंजूर म्हणजे शब्दशः 'पाहिलेला', नजर आणि नाझर त्याचे सख्खे. हे कळल्यापासून अर्ज मंजूर झाला की मला वरून कुणीतरी त्यावर नजर टाकल्याचं चित्र दिसतं.) उ आणि ऊ आले की क्रियेचं नाव होतं: वुकूफ, जसं हाजिरवरून हुजूर.

तेव्हा मोकूफ म्हणजे थांबवलेलं. फी थांबवली, शिक्षा थांबवली. हदीसच्या (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या कथनांच्या) शास्त्रातही हा शब्द आहे: जी कथनपरंपरा पैगंबरांच्या सहकाऱ्यापाशीच थांबते, पैगंबरांपर्यंत पोचत नाही, ती हदीस 'मौकूफ'. वक्फही तसाच. वक्फ केलेल्या मालमत्तेची विक्री, दान, वारसा, सगळं थांबवायचं. मूळ जागच्या जागी ठेवायचं आणि उत्पन्न धर्मकार्याला लावायचं. कायद्याच्या भाषेत अशी मालमत्ता देणाराही 'वाकिफ'च.

खरी गंमत दुसऱ्या फांदीची आहे. अरबीत 'वकफ'ला 'अला' म्हणजे 'वर' हे अव्यय जोडलं की अर्थ बदलतो: एखाद्या गोष्टीपाशी थांबणं, ती नीट न्याहाळणं, आणि त्यातून ती कळणं. धावता धावता पाहिलेलं कळत नाही, उभं राहून पाहिलेलं कळतं. या वाटेनं वाकिफ म्हणजे जाणणारा झाला आणि वुकूफ म्हणजे जाण, समज. फारसीनं हा अर्थ उचलून धरला. त्याला 'बे' लावून बेवकूफ केला, ज्याला समज नाही तो. 'कार' लावून वाकिफकार केला.

मराठीनं हे शब्द थेट अरबांकडून घेतलेले नाहीत. बहमनी, निजामशाही, आदिलशाहीच्या फारसी दफ्तरांतून ते आपल्याकडे आले आणि आपल्या जिभेवर बसताना फ चा ब झाला, क चा ग झाला. वाकिफकारचा वाकबगार, वुकूफचा वकूब. अर्थही थोडा सरकला. वकूब म्हणजे नुसती जाण राहिली नाही, जाणीतून येणारी कुवत झाली. 'वकूब पाहून काम द्यावं' म्हणतो तेव्हा आपण माणसाला काय माहीत आहे एवढंच विचारत नाही, त्याच्या हातून काय होईल ते विचारतो. मला हा बदल फार आवडतो. बेवकूफमधला फ मात्र तसाच राहिला, त्यामुळे वकूब आणि बेवकूफ ही जोडी शेजारी असूनही चटकन ओळखू येत नाही.

एका बाबतीत जपा. अरबीत क दोन आहेत, एक आपल्यासारखा आणि एक घशाच्या मागून काढायचा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. व-क-फ मधला क घशातला. वकील, वकालत, मुवक्किल यांतला साधा, धातू व-क-ल, सोपवणं. घशातला क असूनही शेवटचं अक्षर वेगळं असेल तर धातू वेगळा: वक्त हा व-क-त चा, आणि मौका ज्या धातूचा, त्याचं शेवटचं अक्षर 'ऐन'. मौका आणि मोकूफ कानाला कितीही जवळचे वाटले तरी नातं नाही. मोकळा तर अरबीच नाही, तो संस्कृत मुच् कडचा. म्हणून शंका आली की शब्दाचं अरबी लिपीतलं रूप काढून तिन्ही अक्षरं पडताळा.