डीटीडी नसताना कलम नेमकं कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडच्या बागेतल्या हापूस कलमांची एक्सएमएल फाईल (टॅग लावून माहिती साठवलेली) आहे, सोबत ना डीटीडी ना स्कीमा, म्हणजे फाईलमध्ये काय कसं असावं हे सांगणारे नियम नाहीत. प्रत्येक कलमाला आयडी लिहिलाय, तरी एक्सपाथचं (एक्सएमएलमधून हवा तो भाग शोधायच्या भाषेचं) आयडी फंक्शन काहीच शोधून देत नाही.

यात तुमचं काही चुकलेलं नाही. ‘आयडी’ हे त्या अ‍ॅट्रिब्यूटचं (टॅगच्या आत लिहिलेल्या तपशिलाचं) नुसतं नाव आहे. 1998 च्या एक्सएमएल 1.0 मध्ये ते आयडी प्रकारचं आहे हे डीटीडीत सांगावं लागतं, आणि 1999 च्या एक्सपाथ 1.0 चं फंक्शन प्रकार बघतं, नाव नाही. आताचे ब्राउझर मात्र नावावरच शोधतात. म्हणून तिथे चाललेलं इथे अडतं आणि माणूस चक्रावतो.

फाईल तुमच्या हातातली असेल तर सरळ ‘एक्सएमएल:आयडी’ (xml:id) वापरा. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने 2005 मध्ये ते नेमकं याच अडचणीसाठी आणलं. लिबएक्सएमएल2 या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीला ते डीटीडीशिवाय कळतं. फक्त आयडीची किंमत (त्यात लिहिलेला मजकूर) नुसती ‘12’ चालत नाही, सुरुवातीला अक्षर हवं: ‘क12’. देवनागरी अक्षर चालतं.

फाईल दुसऱ्याची असेल तर अ‍ॅट्रिब्यूटच्या किमतीवर अट घालून शोधा, किंवा एक्सएसएलटीत (एक्सएमएलचं रूपांतर करायच्या भाषेत) की, म्हणजे किमतीवरून शोधायची सूची, बांधा. पण त्याआधी सगळ्या किमती गोळा करून कुठली दोनदा आलीय का ते मोजाच. स्कीमा नसल्यावर दुबार आयडीला कोणी अडवत नाही, आणि दोन सापडले की बरेच प्रोग्राम पहिला उचलून गप्प बसतात.

क्रमांकावर, म्हणजे ‘तिसऱ्या ओळीतलं पाचवं कलम’ अशा पत्त्यावर, अजिबात विसंबू नका. मी विसंबलो होतो. मे 2021 च्या तौक्ते वादळात आमची कलमं पडली, त्यांच्या नोंदी काढल्या आणि पुढच्या सगळ्या कलमांचे पत्ते एकेकाने सरकले. कुठल्या झाडाला कधी फवारणी झाली ते लावायला अख्खा पावसाळा गेला.

नावावरही नको. आमच्याकडे ‘पऱ्याकडचं’ म्हणून एक कलम आहे. दोघांनी दोन कीबोर्डांवर ते नाव टाईप केलं: एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि पुढे न दिसणारं जोडणारं चिन्ह. ‘पऱ्या’ आणि ‘पर्‍या’ डोळ्यांना सारखेच, पण पार्सर (फाईल वाचणारा प्रोग्राम) अक्षरांचे कोड ताडून बघतो, त्याला ती दोन वेगळी झाडं. तेव्हा आयडीत जोडाक्षर टाळा आणि नाव वेगळ्या एलिमेंटमध्ये (स्वतंत्र टॅगमध्ये) ठेवा.

आणि नांग्या (रिकाम्या झालेल्या जागा) भरताना लावलेल्या नव्या कलमाला पडलेल्याचा नंबर देऊ नका. तसं केलंत तर जुन्या झाडाच्या फवारण्या आणि पेट्या नव्याच्या नावावर चढतील.