सळई किती ताणली, यंत्र किती?
वाचकांचे प्रश्न : पदार्थांचे यंत्रशास्त्र

प्रश्न : 12 मिमीच्या फे 500 (किमान 500 मेगापास्कल यील्डच्या) सळईची यूटीएमवर, म्हणजे नमुना ताणून बघायच्या यंत्रावर, ताणचाचणी केली. ग्रिपमधले अंतर 300 मिमी होते. क्रॉसहेडच्या (यंत्राच्या सरकत्या आडव्या भागाच्या) सरकण्यावरून काढलेला यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताणाला होणाऱ्या विरोधाचे माप, 38 गिगापास्कल आला. पोलादाचा 200 असतो ना? सळईच भेसळीची असेल का? (एम.टेक. विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : सळईवर संशय घेण्याआधी थोडे गणित करा. 300 मेगापास्कल स्ट्रेसला (दर चौ.मिमीवर 300 न्यूटन भाराला) या सळईवर साधारण 34 किलोन्यूटन भार असतो. मॉड्युलस 200 गिगापास्कल धरला तर 300 मिमीची सळई तेव्हा फक्त 0.45 मिमी वाढते. तुमच्या आकड्यानुसार क्रॉसहेड सुमारे 2.37 मिमी सरकला. मधले 1.9 मिमी सळईचे नाहीतच. जबड्यांचे दात सळईत रुतले, जबडे आवळणाऱ्या पाचरी खाली सरकल्या, खांब आणि स्क्रू ताणले गेले, त्या सगळ्याची ती बेरीज आहे. पोलादाचा मॉड्युलस मिश्रणातल्या लहानसहान फरकाने फारसा हलत नाही. त्यामुळे 38 आला की आधी मोजणीकडेच बघावे.

मॉड्युलससाठी एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे सळईवरच बसवून तिची वाढ मोजणारे उपकरण, लागतोच. शक्यतो दोन्ही बाजूंनी वाचणारा घ्या, कारण सळई जराशी वाकडी असली तर सुरुवातीला ती सरळ होताना एका बाजूचे वाचन जास्त आणि दुसऱ्या बाजूचे कमी येते. सरासरी घेतली की ही चूक जाते. त्याच्या सुऱ्या (सळईला टेकणाऱ्या धारदार कडा) सळईच्या आडव्या रिबांवर, म्हणजे उंचवट्यांवर, टेकवू नका, दोन रिबांमधल्या जागेत बसवा; रिबेवरची सुरी घसरली की आलेखात पायरी दिसते. मॉड्युलस म्हणजे स्ट्रेस-स्ट्रेन (स्ट्रेन म्हणजे वाढ भागिले मूळ लांबी) आलेखाचा उतार; त्या उताराची रेघ शून्यापासून ओढू नये. सुरुवातीचा वाकडा भाग सोडून 50 ते 200 मेगापास्कलमधल्या बिंदूंवरून ती बसवा. सळई तुटण्याच्या आधी एक्स्टेन्सोमीटर काढून घ्या. फे 500 तुटताना बसणारा झटका त्याला झेपत नाही.

एक्स्टेन्सोमीटर नसेलच, तर एकाच सळईचे 200, 300 आणि 400 मिमी असे तुकडे ताणून प्रत्येकाचे सरकणे भागिले भार काढा आणि ते लांबीसमोर मांडा. रेघ शून्य लांबीला जिथे काटते, तो यंत्राचा वाटा. मात्र रुतणे दर वेळी सारखे होत नाही, म्हणून हा फक्त अंदाज.

तुमची सगळी चाचणी वाया गेलेली नाही. कमाल ताकद केवळ भार आणि क्षेत्रफळावरून निघते. तुटल्यानंतरची लांबीवाढही खुणा मारून, दोन्ही तुकडे जुळवून मोजलेली असेल तर ती ठीकच आहे.

प्रश्न : 16 मिमीच्या टीएमटी सळईचा बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट पास आहे. आम्ही ती लेथवर 10 मिमीपर्यंत उतरवून, गुळगुळीत नमुना करून ताणली तर यील्ड (ज्या स्ट्रेसला सळई कायमची ताणली जाऊ लागते तो) बरेच कमी आले. खरे कोणाचे? (क्वालिटी इंजिनिअर, चाकण)

उत्तर : लॅबचे. टीएमटी सळई गरम रोलिंगनंतर पाण्याने झटकन थंड करतात. बाहेरचे कडे मार्टेन्साइटचे, म्हणजे पोलादाच्या फार कठीण रूपाचे होते, मग आतल्या उष्णतेने टेम्पर होते, म्हणजे त्याचा ठिसूळपणा कमी होतो. गाभा फेराइट-पर्लाइट या पोलादाच्या रूपांचा, म्हणजे मऊ राहतो. तुम्ही प्रत्येक बाजूने 3 मिमी कातले, म्हणजे ताकदीचा भागच खाली बुरादा होऊन पडला. उरलेल्या गाभ्याची ताकद ही सळईची ताकद नव्हे. आयएस 1786 (अशा सळयांचे भारतीय मानक) ची चाचणी म्हणूनच न कातलेल्या, पूर्ण सळईवर होते. खात्री हवी असेल तर आडवा छेद घासून गुळगुळीत करा आणि अल्कोहोलमधल्या 2 ते 5 टक्के नायट्रिक आम्लाने पुसा. काळसर कडे उठून दिसेल. आम्ल अल्कोहोलमध्ये हळूहळू मिसळायचे, उलटे नाही, आणि बाटली घट्ट झाकून साठवायची नाही.

क्षेत्रफळही तपासा. व्हर्नियर रिबांवर टेकवून 17 मिमी व्यास घेतला तर क्षेत्रफळ 227 चौ.मिमी येते. तोच अर्धा मीटर तुकडा वजनात 0.780 किलो भरला, तर 0.780 भागिले (0.00785 × 0.5), म्हणजे 198.7 चौ.मिमी; इथे 0.00785 ही पोलादाची घनता आणि 0.5 ही मीटरमधली लांबी. यील्डचा भार 110 किलोन्यूटन असला तर एका हिशेबाने 485 मेगापास्कल, दुसऱ्याने 554. फे 500 साठी एक नापास, एक पास, आणि सळई तीच! वजनाचाच हिशेब धरा.

प्रश्न : ताणचाचणीचा डेटा दुसऱ्या शहरातल्या सहकाऱ्याला सिम्युलेशनसाठी पाठवायचा आहे. नेमके काय पाठवू? (संशोधक, नागपूर)

उत्तर : आलेखाचे चित्र नको, कच्ची फाइल पाठवा: वेळ, भार, एक्स्टेन्सोमीटरचे वाचन आणि क्रॉसहेड, प्रत्येक स्तंभाला एकक लिहून. जुन्या यंत्रांवर भार किलोग्रॅम-बलात असतो. तो न्यूटन समजला गेला तर उत्तर 9.81 पटीने चुकते आणि कोणाला पटकन कळतही नाही. सोबत गेज लेंथ (ज्या लांबीवर वाढ मोजली ती), मोजलेले क्षेत्रफळ, ताणण्याचा वेग, तापमान, हीट नंबर (पोलादाच्या वितळीचा क्रमांक), भार मोजणाऱ्या लोडसेलच्या कॅलिब्रेशनची तारीख आणि तुटलेल्या नमुन्याचा फोटो द्या. गेज लेंथच्या बाहेर तुटला असेल तर तेही लिहा. तुटलेले तुकडे टाकू नका. मायक्रोस्कोपखाली बघायची वेळ हमखास येते.

सहकाऱ्याने इंजिनिअरिंग स्ट्रेस (भार भागिले मूळ क्षेत्रफळ) थेट सॉफ्टवेअरमध्ये भरू नये; ताणताना सळई बारीक होते, ते त्यात धरलेले नसते. समजा स्ट्रेस 600 मेगापास्कल, स्ट्रेन 0.10. खरा स्ट्रेस 600 × 1.10 = 660; खरा स्ट्रेन 1.10 चा नैसर्गिक लॉग, 0.0953, त्यातून 660/200000, म्हणजे भार काढल्यावर परत येणारा 0.0033 वजा केला की प्लास्टिक (कायमचा) स्ट्रेन 0.0920. ही सूत्रे फक्त कमाल भारापर्यंत चालतात. त्यानंतर सळईला कंबर पडायला, म्हणजे ती एका जागी बारीक व्हायला लागली की ताण एका जागी साचतो, आणि त्यापुढचे बिंदू या सूत्रांनी भरले तर मॉडेलला खोटा पदार्थ दिल्यासारखे होते.