बागेत जेवायची जागा करा, पण कर्ज काढून नको

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचं स्वतःचं घर आहे, मागे बाग आहे. मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे, तेरा महिन्यांनी निवृत्त होईन. यजमान टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतात. मुलगा, सून, नातवंडं पुण्याला असतात. दिवाळीत आणि मेमध्ये सगळे जमतात. तेव्हा बागेत एकत्र जेवता यावं अशी फार इच्छा आहे. कंत्राटदाराने ४ लाख ८० हजारांचा अंदाज दिलाय. बचत खात्यातले १ लाख ३० हजार आणि १३ टक्क्यांनी तीन वर्षांचं ३ लाख ५० हजारांचं वैयक्तिक कर्ज, असा विचार आहे. मुलगा निम्मा हप्ता देतो म्हणतो. ६ लाखांची मुदत ठेव मोडायची नाही. कंत्राटदाराला २५ हजार आगाऊ दिलेत. पुढे जाऊ का?

उत्तर : ताई, जागा जरूर करा. मुलं-नातवंडं एका पंगतीला बसावीत म्हणून खर्च करायला मी कुणालाही अडवणार नाही. माझा विरोध कर्जाला आहे, आणि कंत्राटदाराच्या यादीतल्या निम्म्याहून अधिक गोष्टींना.

आधी कर्ज. ३ लाख ५० हजारांवर १३ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता साधारण ११,८०० रुपये बसतो आणि व्याजापोटी जवळपास ७५ हजार जातात. त्यापेक्षा मोठी अडचण अशी, की ३६ हप्त्यांतले २३ तुमच्या निवृत्तीनंतर येतात. म्हणजे सुमारे २ लाख ७० हजार रुपये पेन्शनमधून फेडायचे. कागदपत्रं अडली तर पेन्शन हातात पडायला काही महिने लागतात, आणि नेमके तेव्हा तुमचं बचत खातं रिकामं असेल. हे मला अजिबात पटत नाही. मुलाची भावना चांगली आहे, पण कर्ज तुमच्या नावावर राहणार. त्याचा एखादा महिना चुकला तरी बँक तुम्हालाच विचारेल. त्याला काही द्यायचंच असेल तर टेबल करून देऊ दे, हप्ता नको. घर विकताना किंमत वाढेल अशी आशाही ठेवू नका. घेणारा जागेचे आणि बांधकामाचे पैसे मोजतो, बागेतल्या मांडवाचे नाही.

आता यादी. लाकडी मांडव आणि वर पॉलिकार्बोनेटचं छत, १ लाख ९० हजार. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. पॉलिकार्बोनेटखाली दुपारी बसवत नाही, आणि उघड्यावरच्या लाकडाला ऊन, पाऊस, वाळवी सगळंच लागतं; दर वर्षी पॉलिशचा खर्च वेगळा. शिवाय पक्कं छत घातलं की महापालिकेच्या परवानगीचा प्रश्न येऊ शकतो. लोखंडी पाइपचा सांगाडा करा, वर शेतीच्या दुकानात मिळणारी हिरवी शेडनेट ताणा. वादळी पावसाआधी ती काढून ठेवता येते, फाटली तर बदलता येते.

हिरवळ, ४५ हजार. ही पूर्ण काढून टाका. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात चारशे चौरस फूट हिरवळीला उन्हाळ्यात रोज दीड-दोनशे लिटर पाणी लागेल. लावायच्या खर्चापेक्षा टँकरचा खर्च तुम्हाला जास्त जाचेल.

फरशीचे ८५ हजार कमी होतील. गुळगुळीत महागड्या टाइल्सऐवजी शहाबादी घाला. ती शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून येते, त्यामुळे आपल्याकडे सहज मिळते. बारा बाय चौदा फुटांत आठ-दहा माणसं आरामात जेवतात. दगड दिवसभर तापतो, म्हणून सूर्य कलल्यावर सडा टाकायचा. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी त्याला पुरतं. कडुनिंब असेल तर फरशी बुंध्यापासून लांब घ्या, नाहीतर मे-जूनमध्ये ताटात निंबोळ्या पडतील.

बार्बेक्यू आणि दिव्यांचे ५० हजार. ताई, डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे हुरडा होणार. त्याला कोपऱ्यात आगटीचा खड्डा, गोवऱ्या, सोबत शेंगाचटणी आणि दही लागतं. नातवंडांना त्याचं जे अप्रूप वाटेल ते कुठल्याही यंत्राने वाटणार नाही. दिवे पिवळ्या प्रकाशाचे दोन-तीन घ्या, किडे कमी येतात. टेबल-खुर्च्यांचे १ लाख १० हजारही नकोत. विटांच्या ओट्यावर पॉलिशचा दगड आणि दोन्ही बाजूंना बांधीव बाकं केली की वर्षानुवर्षं बघायला नको.

माझा अंदाज : फरशी ३० हजार, सांगाडा आणि शेडनेट ४० हजार, टेबल-बाकं ३५ हजार, दिवे आणि हात धुवायचं बेसिन २० हजार. एकूण सव्वा लाख. ही कमाल मर्यादा समजा आणि तीन ठिकाणी दर विचारा.

पैसे कुठून? कर्जाचा हप्ता आजपासून सुरू झालाय असं धरा आणि दर महिन्याला ११,८०० रुपयांची आवर्ती ठेव उघडा. अकरा महिन्यांत १ लाख ३० हजार जमतात. सगळं काम निवृत्तीआधी फिटतं. हा हप्ता आत्ताच जड वाटला, तर कर्जाचाही झेपला नसता हे वेळेत कळेल. दिवाळीपर्यंत काहीतरी हवंच असेल तर फक्त फरशी आणि दिवे करा, सतरंज्या टाकून जेवा. तेवढ्यासाठी बचत खात्याला ५० हजारांपेक्षा जास्त हात लावू नका. मुदत ठेव न मोडण्याचा तुमचा निर्णय बरोबर आहे. मुदतीआधी मोडली तर बँक व्याज कापते.

आगाऊ दिलेले २५ हजार फरशीच्या कामात वळते करून घ्या आणि तसं लेखी घ्या. कंत्राटदार तयार नसेल तर निदान काही भाग परत मागा. २५ हजार अडकले म्हणून ४ लाख ८० हजारांचं काम करू नये.

पत्रात तुम्ही आरोग्य विम्याचा उल्लेख केलेला नाही, त्याची मला बागेपेक्षा जास्त काळजी वाटते. निवृत्तीनंतर वय वाढलेलं असतं, हप्ता जास्त बसतो आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तुम्हा दोघांची पॉलिसी नसेल तर ती याच महिन्यात काढा, फरशीचं काम त्यानंतर सुरू करा.