जुन्या गेममधली कात्री ओळखताना

जुन्या कन्सोल गेमचा अभ्यास तुम्ही नुकताच सुरू केला आहे, म्हणून सांगतो: केवळ अमेरिकी आवृत्ती खेळून मूळ गेमविषयी मत बनवू नका, कारण तिच्यात बरेचदा सेन्सॉरची कात्री चाललेली असते. १९८८ सालच्या ‘बायॉनिक कमांडो’च्या जपानी नावातच हिटलर होता, निन्टेंडोच्या कन्सोलवरील अमेरिकी आवृत्तीत तो ‘मास्टर-डी’ झाला, पण शेवटी त्याचे डोके फुटते ते दृश्य मात्र (कोणाच्या नजरेतून सुटले, देव जाणे) तसेच राहिले. धार्मिक शब्दांवरही कात्री चाले. ‘फायनल फँटसी ६’ मधला ‘होली’ हा मंत्र अमेरिकेत ‘पर्ल’ झाला.

खरा धडा १९९३ च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या मारामारीच्या गेममध्ये आहे. सुपर निन्टेंडो या कन्सोलवर रक्ताऐवजी करडा घाम उडतो, तर सेगा कंपनीच्या जेनेसिस कन्सोलवर सुरुवातीच्या मजकुराच्या पडद्यावर ए, बी, ए, सी, ए, बी, बी ही बटणे क्रमाने दाबली की रक्त लाल होते. दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी लावून पाहा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली आणि १९९४ मध्ये ईएसआरबी ही गेमसाठी वयोगट ठरवणारी संस्था उभी राहिली. त्याच वर्षी ‘मॉर्टल कॉम्बॅट २’ सुपर निन्टेंडोवर लाल रक्तासह आला. त्याची जपानी आवृत्ती हाती लागली आणि रक्त हिरवे दिसले, तर कार्ट्रिज (गेम साठवलेली, कन्सोलमध्ये बसवायची डबी) बिघडले असे समजून ते परत करू नका.