फारशा माहीत नसलेल्या जागांची सहल नकाशा अ‍ॅपवरून जबाबदारीने कशी आखावी?

तुम्हाला गर्दी टाळून अनोळखी डोंगर-जंगलांत जायचंय, हाताशी नकाशाचं अ‍ॅप आहे, आणि जागेला किंवा तिथल्या माणसांना आपला त्रास होऊ नये असंही वाटतंय. हा उद्योग मी बरीच वर्षं करतोय, म्हणून आधी स्वतःची फजिती सांगतो.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर एकदा पायवाटेची एक तुटक रेघ सापडली. ओढ्याच्या काठाने चढत थेट पठारावर जाणारी. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, ऐसपैस सुटलेल्या, म्हणजे चढ बेताचा. तीन तास चालल्यावर समोर तीन पुरुष उंचीचा सरळसोट कातळ! नकाशात त्याचा मागमूस नव्हता. कारण नंतर कळलं. अनेक मोफत नकाशांतली उंची २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीवर बेतलेली असते आणि त्यात साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एकच आकडा असतो. छोटा कडा त्यात गडप होतो. म्हणून आता समोच्च रेषांवर भिस्त न ठेवता सॅटेलाइट चित्रात सावल्या बघतो. चढावर काळी, धारदार पट्टी दिसली की तिथे कडा असणार असं धरून चालतो. चित्र कोणत्या ऋतूतलं आहे हेही बघा. कोरडा दिसणारा ओढा पावसात उतरू देत नाही.

वेळेसाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा हिशेब अजून उपयोगी आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. यात विश्रांती धरलेली नाही. वाट अनोळखी असेल तर मी याची दीडपट करतो आणि अंधाराच्या दोन तास आधी परत पोचता येत नसेल तर बेत बदलतो.

आता मुख्य मुद्दा. नकाशावर रेघ आहे म्हणजे तिथून जायची मुभा आहे, असं मुळीच नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कुणीही रेघ ओढू शकतो. ती गुरांची वाट असेल, कुणाच्या खासगी जमिनीतून जात असेल. ‘प्रवेश बंद’ अशी नोंद मूळ नकाशात असली तरी काही अ‍ॅप ती दाखवतच नाहीत. तेव्हा रेघेवर टिचकी मारून तपशील वाचा आणि जमीन ज्याची, त्याला किंवा तिथल्या वनखात्याला आधी विचारा. हीटमॅपचंही, म्हणजे लोक कुठून जास्त गेले ते रंगाने दाखवणाऱ्या नकाशाचंही, तेच. लाल पट्टा एवढंच सांगतो की लोक गेले. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या अ‍ॅपच्या अशाच नकाशातून लष्करी तळ उघडे पडले होते, ते तिथे धावणाऱ्या सैनिकांच्याच ट्रॅकमुळे, म्हणजे फोनने किंवा घड्याळाने नोंदवलेल्या मार्गांमुळे.

आपला ट्रॅकही असाच पाटी बनतो. तुम्ही वळण टाळून आडवे गेलात, ट्रॅक सार्वजनिक ठेवलात, की पुढचा त्याला वाट समजतो आणि थोड्याच दिवसांत तिथे खरोखर वाट पडते. माती उघडी पडली की पाऊस उरलेलं काम करतो. माझे ट्रॅक मी खासगी ठेवतो. फोटो टाकताना त्यातली लोकेशनची माहितीही काढून टाकतो. कुणी फारच विचारलं तर नुसतं तालुक्याएवढं मोघम सांगतो. यावरून मला कंजूष म्हणणारे मित्र आहेत, म्हणोत.

मुक्कामाची जागा घरीच ठरवा. अ‍ॅपमध्ये अंतर मोजायची सोय असते, तिने पाण्यापासून निदान ६० मीटर लांबची आणि आधीच उघडी, टणक असलेली जमीन शोधा. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, फक्त खालचं चित्र गायब होतं. फ्लाइट मोडने बॅटरी वाचते. घरच्या एका माणसाकडे मार्ग आणि परतायची वेळ लिहून ठेवा.

त्या ओढ्याकाठची रेघ मी खोडली नाही. खोडली असती तर सॅटेलाइट चित्र बघून दुसऱ्या कुणीतरी पुन्हा ओढली असती. कातळ होता तिथे कडा नोंदवला आणि वरच्या टप्प्यात वाट नाही असं लिहिलं. पुढचा माणूस आता घरबसल्याच माघारी फिरेल.