इतिवृत्तावर सही करण्याआधी

प्रश्न : मी एका अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. आमच्याकडे महाविद्यालय विकास समितीवरचे तीन शिक्षक प्राचार्य स्टाफ मीटिंगमध्ये परस्पर जाहीर करतात. यंदा माझं नाव घेतलं. समितीची बैठक 'झाली' हे मला कळलं ते शिपाई रजिस्टर घेऊन सहीला आला तेव्हा. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, 'सही करा आणि तासाला जा.' नाव काढून घ्यावं का?
– एक वाचक, मराठवाडा

उत्तर : नाव काढून घेऊ नका. उलट, ते रीतसर निवडून आणा.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधलं कलम ९७ सावकाश वाचा. समितीवरचे तीन शिक्षक पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून द्यायचे आहेत, त्यांत किमान एक महिला. प्राचार्य ज्याला नेमतात तो विभागप्रमुख वेगळा. वर्षातून किमान चार बैठका व्हायलाच हव्यात. अंदाजपत्रकाबाबत शिफारस, नवे अभ्यासक्रम, महाविद्यालयाचा विकास आराखडा हे सगळं या समितीपुढे यायचं असतं. १९९४च्या कायद्यातली स्थानिक व्यवस्थापन समिती जाऊन ही आली. पुष्कळ ठिकाणी पाटी तेवढी बदलली, हे मलाही दिसतं. पण कायद्याने तुम्हाला खुर्ची दिली आहे आणि ती रिकामी सोडली तर तिथे कोण बसतं हे तुम्ही जाणताच.

मी समितीवर असताना माझं सगळं लक्ष इतिवृत्तावर असायचं. आमच्या समितीपुढे एकदा वर्षाचं अंदाजपत्रक एका पानावर आलं. ग्रंथालयाची रक्कम घटलेली, 'इतर खर्च' फुगलेला. मी विचारलं, तर अध्यक्ष म्हणाले, 'मॅडम, नंतर बोलू.' मी तिथेच कागदावर दोन ओळी लिहिल्या : इतर खर्चाचा तपशील मिळावा, तोवर माझी संमती नाही, तशी नोंद व्हावी. कागद सदस्य-सचिव असलेल्या प्राचार्यांच्या हातात दिला. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करताना मी ती नोंद शोधणार, हे त्यांना ठाऊक होतं. नोंद झाली. ग्रंथालयाचे पैसे त्या वर्षी काही वाढले नाहीत, पण पुढच्या वर्षापासून अंदाजपत्रक तपशिलासह येऊ लागलं.

तेव्हा न झालेल्या बैठकीच्या इतिवृत्तावर सही करू नका. शिपाई समोर उभा असतो, त्याची अडचण करायची नाही म्हणून आपण पेन उचलतो. त्याला 'प्राचार्यांशी बोलते' किंवा 'बोलतो' एवढंच सांगा, आणि त्याच दिवशी पुढच्या बैठकीची विषयपत्रिका लेखी मागा. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत याच इतिवृत्तांच्या प्रती लागतात, त्यामुळे तुमची सही प्राचार्यांनाही हवी असते.

एकट्याने मात्र जाऊ नका. निवडणुकीची मागणी चार-पाच जणांच्या सहीने करा. एकटा माणूस 'अडेल' ठरवला जातो. संस्थाचालकांशी वाकडं येण्याची तुमची धास्ती खोटी नाही, म्हणून तुमच्या विद्यापीठातल्या प्राध्यापक संघटनेला आधीच कल्पना द्या. पण संघटनेचं काम आणि समितीवरचं काम एक समजू नका. राज्यातल्या प्राध्यापक संघटनांचा महासंघ असलेल्या एमफुक्टोने २०१३मध्ये परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला तो थकबाकीसारख्या सेवाविषयक मागण्यांसाठी. प्रयोगशाळेत एका बॅचला किती विद्यार्थी असावेत, हे बहिष्काराने ठरत नाही. ते समितीत बसून, आकडे मांडून ठरवावं लागतं.

विद्यापीठातही हेच चित्र मोठ्या आकारात आहे. अधिसभेवर (सिनेटवर) महाविद्यालयीन शिक्षकांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात, विद्यापीठ विभागांतले तीन. विषयाचा अभ्यासक्रम आखणाऱ्या अभ्यासमंडळावर महाविद्यालयांतून निवडून येणारे विभागप्रमुख तीनच आणि कुलगुरूंनी नामनिर्देशित केलेले शिक्षक त्यांहून जास्त. अभ्यासक्रम वर्गात शिकवणाऱ्यानेच ठरवावा असं मानणारी मी, मला हे प्रमाण उलटं वाटतं. पण ते बदला म्हणायला अधिसभेत जी माणसं लागतील, ती महाविद्यालयाच्या समितीत तावून-सुलाखून निघालेली हवीत. जिने आपल्या प्राचार्यांना कधी प्रश्न विचारला नाही, ती कुलगुरूंना काय विचारणार?

प्रश्न : मी नेट उत्तीर्ण आहे. सहा वर्षं तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवते. मला यांपैकी कुठे मत आहे का?
– एक वाचक, विदर्भ

उत्तर : नाही. कायद्याच्या व्याख्येत 'शिक्षक' म्हणजे पूर्णवेळ आणि विद्यापीठाची मान्यता असलेला. म्हणजे तुम्ही वर्ग घ्यायचे, उत्तरपत्रिका तपासायच्या, आणि मतदारयादीत मात्र नाव नाही. या कायद्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे असं मी मानते, आणि ती दूर करण्यासाठी कायमस्वरूपी शिक्षकांनीच आवाज उठवला पाहिजे. त्यांच्याकडे मत आहे.

तोवर विभागाच्या बैठकीला हजर राहा आणि तिथे बोललेलं नोंदवून घ्या. विकास समितीवरच्या तीन शिक्षकांना भेटा. मानधनाची बिलं महिनोन्‌महिने का अडतात, हा विषय त्यांच्यामार्फत विषयपत्रिकेवर आणा. अर्जावर सगळ्या सीएचबी शिक्षकांच्या सह्या घ्या, आणि कार्यालयातून पोच घेतल्याशिवाय उठू नका.