जिम लावल्यावर पोळी-भात बंद करून फक्त प्रोटीन घेतलं तर चालेल का?

चालेल म्हणजे काय, चार दिवस चालेल. पाचव्या दिवशी स्क्वॉट मारताना पाय गळतील.

जोराच्या व्यायामात स्नायू मुख्यतः ग्लायकोजेन जाळतात, म्हणजे साठवलेली साखर. साधारण 400 ग्रॅम स्नायूंत आणि 100 ग्रॅमच्या आसपास यकृतात, एवढाच साठा. तो भरतो पोळी, भात, पोहे, केळं यांनी. तो रिकामा असेल तर शरीर इंधनासाठी प्रथिनांनाही हात घालतं. मग महागडी पावडर स्नायू बांधायच्या ऐवजी चुलीत जाते! कर्बोदकं पोटात असली की प्रथिनं आपल्या कामाला मोकळी राहतात. शिवाय कर्बोदकांनी वाढणारं इन्शुलिन स्नायूंची मोडतोड थोडी रोखतं.

उलट नुसते कांदेपोहे खाऊनही भागत नाही. ताटलीभर पोह्यांत प्रथिनं जेमतेम, वरचे शेंगदाणे धरूनसुद्धा. सोबत दोन उकडलेली अंडी घेतली की 12 ग्रॅमची भर पडते. अंडी चालत नसतील तर वाटीभर दही आणि मटकीची उसळ.

व्यायामानंतर 20-25 ग्रॅम प्रथिनं पुरतात. दिवसभराचा हिशोब वजनाच्या दर किलोला 1.2 ते 2 ग्रॅम. अर्ध्या तासात शेक प्यायलाच पाहिजे ही धावपळ मात्र सोडा. तासा-दोन तासांत नीट जेवलात तरी झालं. सकाळी पुन्हा पळायचं असेल तर रात्रीचा भात टाळू नका.

मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेह असेल तर हे आकडे आधी डॉक्टरांना दाखवा.